लेखणी उचलण्याचे भय

संत मत्तय यांच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील तालांतांचा दृष्टान्त आपण लहानपणापासून पवित्र मिस्सेत ऐकत आलो आहोत. परदेशी निघालेला धनी एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालांत सोपवून जातो. पहिले दोघे उद्योग करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा जमिनीत खड्डा खणून आपला तालांत पुरून ठेवतो. हा तिसरा दास आळशी म्हणून प्रसिद्ध आहे, कारण धनीच त्याला त्या शब्दाने दोष देतो. परंतु हिशेबाच्या वेळी तो स्वतः जे कारण सांगतो ते आळसाचे नाही. मला भय वाटले, असे तो म्हणतो. त्याने चोरी केलेली नाही, उधळपट्टी केलेली नाही, धन्याची एक दिडकीही बुडवलेली नाही. मिळाले ते जसेच्या तसे त्याने परत आणून दिले आहे. तरीही तो दोषी ठरतो. भयापोटी काहीच न करणे हाही नैतिक अपराध असू शकतो, ही या दृष्टान्ताची शिकवण कठोर आहे आणि म्हणूनच आपण ती घाईने ओलांडून जातो.

आणखी एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. एक तालांत म्हणजे फार थोडे, असे आपण समजतो. वस्तुतः एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार. आणि द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दृष्टान्तावरून (मत्तय २०) आपल्याला ठाऊक आहे की, एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे तिसऱ्या दासाने जे पुरले ती एका कष्टकऱ्याची जवळजवळ वीस वर्षांची कमाई होती. ‘माझ्याजवळ आहेच काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या लेखात मला या दृष्टान्ताचा विचार एका विशिष्ट बाबतीत करायचा आहे. ती बाब म्हणजे लेखन. आपल्या धर्मग्रामांत ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे अशी माणसे मला सतत भेटतात. कोणी पन्नास वर्षे वाडी केली आहे, कोणी परिचारिका म्हणून शेकडो मृत्यू जवळून पाहिले आहेत, कोणी व्यसनी पतीबरोबर संसार करीत श्रद्धा टिकवली आहे. बोलू लागली की ही माणसे तासन्‌तास बोलतात. ‘हे लिहून का काढत नाही?’ असे विचारले की मात्र एकदम गप्प होतात. ‘फादर, आमची कुठली भाषा?’, ‘फादर, लिहिणारे आम्ही कोण?’, ‘फादर, लोक काय म्हणतील?’ ही तीन उत्तरे मी इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांचा क्रमही मला पाठ झाला आहे. या उत्तरांना आपण नम्रता म्हणतो आणि नम्रता हा तर ख्रिस्ती सद्गुण आहे. म्हणून प्रश्न असा उभा राहतो की, ही खरोखरच नम्रता आहे की नम्रतेचा अंगरखा घातलेले भय आहे?

भाषेचे भय

पहिले भय भाषेचे. आपल्या समाजात ते विशेष खोल आहे आणि त्याला कारणही आहे. वसईतील आपल्या घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलली जाते. शाळेत वेगळी मराठी शिकवली जाते. कचेरीत इंग्रजी चालते. त्यामुळे कागदावर जी भाषा उतरवायची ती आपली नव्हे, ती कोणा दुसऱ्याची आहे आणि आपण ती चोरून वापरतो आहोत, अशी एक संकोचाची भावना मनात घर करून राहते. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, एखादा शब्द गावंढळ ठरेल, या धास्तीने विचारच आखडून जातो.

हे भय नवे नाही. जळत्या झुडपासमोर उभ्या असलेल्या मोशेनेही आपण जड जिभेचे आहोत, बोलण्यात चतुर नाही, अशीच सबब सांगितली होती (निर्गम ४). परमेश्वराने ती सबब शांतपणे ऐकून घेतली. तोंड कोणी घडवले, असा उलट प्रश्नही त्याला केला. तरीही मोशे जेव्हा ‘दुसऱ्या कोणाला तरी पाठव’ म्हणून अडून बसला, तेव्हा मात्र परमेश्वर रागावला. येथे एक बारीक भेद आहे. आपली उणीव सांगणे यात पाप नाही. उणिवेची ढाल करून पाचारण नाकारणे यात आहे. शिवाय राग आला असतानाही परमेश्वराने अहरोनाच्या रूपाने मोशेला साहाय्यक दिलाच. ज्याची भाषा अशुद्ध आहे त्याला शुद्ध करून देणारा अहरोन मिळू शकतो. परंतु मोशे पुढेच आला नाही, तर अहरोनाने बोलायचे तरी काय?

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास तर या भयाला दिलेले उत्तरच आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, तेव्हा त्यांना येथील एक अक्षरही येत नव्हते. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. या मधल्या वर्षांत त्यांनी साष्टीच्या गावागावांतून माणसांची भाषा ऐकली, तिचे व्याकरण अभ्यासले आणि अखेर ओवीसारखा अस्सल मराठी छंद हाती घेऊन जवळजवळ ११००० ओव्या रचल्या. परक्या देशातून आलेल्या माणसाला मराठी आपली म्हणता आली. मग याच मातीत जन्मलेल्या आपण तिच्या दारात चोरासारखे का उभे राहावे?

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंना शाळेचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक कवी म्हणून गाजलेले. त्या मात्र घरसंसार, दुष्काळ, आजार आणि पोरकी मुले यांच्यातच गुंतलेल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. आज हे आत्मचरित्र मराठी गद्याचे एक शिखर मानले जाते. आणि ते शिखर चढण्यासाठी त्यांनी पंडिती भाषेची शिडी लावलेली नाही. ज्या भाषेत त्या चुलीपाशी बसून बोलत असतील त्याच भाषेत त्यांनी लिहिले. पतीच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनी हाती घेतले आणि त्याचे ६४ अध्याय रचले. आपण टिळकांच्या तोडीचे नाही, या विचाराने त्या थांबल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. हानी मात्र आपली सर्वांची झाली असती.

अपात्रतेचे भय

दुसरे भय अधिक सूक्ष्म आहे. ‘मी पापी माणूस. देवाविषयी, श्रद्धेविषयी लिहिण्याची माझी काय पात्रता? वाचणारे माझे जगणे ओळखतात.’ या बोलण्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते अडवते. परंतु पात्र माणसांनीच लिहायचे असते, तर आपल्या हाती शुभवर्तमाने तरी आली असती का? पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले, ही घटना चारही शुभवर्तमानांत नमूद आहे. आद्य ख्रिस्तसभेला तो प्रसंग झाकून ठेवता आला असता. तिने तो झाकला नाही, कारण पेत्राची पात्रता सांगणे हे त्या लेखनाचे प्रयोजनच नव्हते. त्याला क्षमा करणाऱ्याची थोरवी सांगणे हे प्रयोजन होते. संत ऑगस्टीन यांनी आपले ‘कन्फेशन्स’ हे पुस्तक सुमारे ३९७ ते ४०० या काळात लिहिले, तेव्हा ते हिप्पोचे महागुरू होते. समोर बसणाऱ्या भाविकांनी आपला तरुणपण जाणून घ्यावा, याची त्यांना गरज नव्हती. तरीही त्यांनी तो लिहिला आणि देवाला उद्देशून लिहिला. ख्रिस्ती लेखक पवित्रतेच्या उंचीवरून खाली बोलत नाही. तो रांगेत उभा असतो आणि रांगेतूनच बोलतो.

आविलाच्या संत तेरेजा यांची गोष्ट या बाबतीत फार उद्बोधक आहे. प्रार्थनेविषयी लिहावे अशी आज्ञा वरिष्ठांकडून आली की त्या कुरकुरत. विद्वानांनी लिहावे, आपल्याला चरख्यावर सूत कातू द्यावे, अशी त्यांची विनवणी असे. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र धर्मन्यायालयाच्या ताब्यात गेले होते. अशा अवस्थेत, डोकेदुखीने त्रस्त असताना, ६२ वर्षांच्या तेरेजांनी १५७७ सालच्या जून महिन्यात ‘आंतरिक दुर्ग’ हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर पुरा केला. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली ज्या स्त्रीला ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणून घोषित केले, ती स्वतःला लेखनास अपात्र समजत होती. तिची भावना खोटी नव्हती. पण तिने त्या भावनेला अखेरचा शब्द बोलू दिला नाही. अपात्रतेची जाणीव उराशी ठेवूनच ती लिहीत राहिली, आणि मला वाटते की नम्रता ती हीच. नम्र माणूस स्वतःला लहान समजतो आणि काम करतो. भ्यालेला माणूस स्वतःला लहान म्हणवतो आणि कामातून सुटतो.

‘चांगले जमले नाही तर?’ या शंकेचे समाधान तर पवित्र शास्त्रातच आहे. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या शेवटी लेखक वाचकांचा निरोप घेताना मोकळेपणाने म्हणतो की, रचना चांगली साधली असेल तर तीच माझी इच्छा होती. आणि ती सामान्य उतरली असेल, तर माझ्या कुवतीत तेवढेच होते. देवाने प्रेरित केलेल्या ग्रंथाचा लेखक अशी कबुली देतो! पवित्र आत्म्याची प्रेरणा लाभली म्हणून लेखकाचे कष्ट आणि त्याच्या मर्यादा नाहीशा होत नाहीत, हे यावरून कळते. मग आपल्या पहिल्या लेखात दोष राहिले तर एवढे बिघडले काय?

लोकांचे भय

तिसरे भय लोकांचे आहे. कोणी हसेल, कोणी दुखावेल, कोणी विरोध करील. हे भय निराधार आहे असे मी म्हणणार नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या ३६ व्या अध्यायातील प्रसंग पाहा. यिर्मयाने सांगितलेली देववाणी बारूखाने गुंडाळीवर लिहून घेतली. ती यहोयाकीम राजासमोर वाचली जाऊ लागली. थंडीचे दिवस होते, पुढ्यात शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. असे करता करता सगळी गुंडाळी जळून गेली. लेखकाच्या वाट्याला याहून मोठा अपमान काय येणार? पण त्या अध्यायाचा शेवट राखेत होत नाही. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि या वेळी तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली.

आपल्या काळातलेही उदाहरण आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळत होता. काही मंडळींनी त्यास विरोधही केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ते संमेलन झाले आणि प्रकृती बरी नसतानाही फादर तेथे उपस्थित राहिले. २०२४ साली ते आपल्याला सोडून गेले. परंतु ‘सुबोध बायबल’सारखा त्यांचा ग्रंथ आपल्या घरांतून आहे. वसईच्या वाडीतला मुलगा मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर गेला, तो कोणी त्याला निर्भयपणाचे प्रमाणपत्र दिले म्हणून गेला नाही. तो आयुष्यभर लिहीत राहिला म्हणून गेला.

श्रद्धेच्या बाबतीत आपल्या हातून काही चुकीचे लिहिले जाईल, अशीही एक धास्ती प्रापंचिकांना वाटते. त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ सालचा ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ हा दस्तऐवज आठवावा. धर्मगुरू असोत वा प्रापंचिक, सर्व श्रद्धावंतांना शोध घेण्याचे, विचार करण्याचे आणि आपले मत नम्रतेने व धैर्याने मांडण्याचे स्वातंत्र्य असावे, असे त्याच्या ६२ व्या परिच्छेदात सांगितले आहे. नम्रता आणि धैर्य हे दोन शब्द परिषदेने एकत्र वापरले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि चूक झालीच, तर ती दुरुस्त करता येते. संत ऑगस्टीन यांनी आयुष्याच्या उतारावर आपली सारी पुस्तके पुन्हा क्रमाने वाचून त्यांतील चुका स्वतःच एका ग्रंथात नोंदवल्या. दुरुस्ती लिहिलेल्या मजकुराचीच होऊ शकते. कोऱ्या कागदाची कशी होणार?

जे भय पाळावे

मग सगळीच भये झुगारून द्यावीत काय? नाही. काही भये देवाने रखवालदारासारखी ठेवलेली असतात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा लेखकालाही लागू आहे. रागाच्या भरात एखाद्या कुटुंबाची अब्रू कागदावर मांडताना ज्याचा हात थरथरत नाही, त्याच्या निर्भयतेचे कौतुक कोणी करू नये. धर्मगुरू म्हणून पापनिवेदनात मी जे ऐकतो ते कितीही हृदयस्पर्शी असले तरी माझ्या लेखणीला कायमचे वर्ज्य आहे. आईने विश्वासाने सांगितलेले दुःख, मित्राने एकांतात उघड केलेली जखम, ही त्यांची ठेव असते. त्यांच्या परवानगीवाचून ती खर्च करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ऐकीव गोष्ट पारखून न घेता लिहिण्याचेही भय बाळगावे. संत लूक यांनी आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगितले आहे की, सर्व गोष्टींचा मुळापासून बारकाईने शोध घेऊन मग ते लिहीत आहेत. आपल्यापूर्वी अनेकांनी लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, हेही ते त्याच वाक्यात मान्य करतात आणि तरीही लिहितात. ‘सगळे लिहून झाले आहे, आता मी काय लिहू?’ असे म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, संत लूक तसे म्हणाले असते, तर उधळ्या पुत्राची कथा आपल्याला ठाऊक झाली नसती, कारण ती अन्य कोणत्याही शुभवर्तमानात नाही.

तेव्हा कोणते भय पाळावे आणि कोणते मोडावे, हे ओळखायचे कसे? माझ्या मते एका प्रश्नाने ते ओळखता येते: हे भय कोणाचे रक्षण करीत आहे? ते शेजाऱ्याचे किंवा सत्याचे रक्षण करीत असेल, तर तो सदसद्विवेकाचा आवाज आहे. थांबावे आणि ऐकावे. पण ते केवळ माझे, माझ्या प्रतिष्ठेचे आणि माझ्याविषयी लोकांच्या मनात असलेल्या प्रतिमेचे रक्षण करीत असेल, तर तो तिसऱ्या दासाचा आवाज आहे. तालांत पुरणाऱ्या त्या माणसाने धन्याचा तोटा टाळला असे त्याला वाटले. खरे तर त्याने स्वतःला हिशेबापासून वाचवू पाहिले. म्हणूनच त्याच्या भयाला क्षमा मिळाली नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. कीर्तीच्या लोभाने लिहिणारा आणि अपकीर्तीच्या भीतीने न लिहिणारा हे दोघे वरवर उलट दिसले तरी दोघांचेही लक्ष स्वतःवरच खिळलेले असते. गुंडाळी लिहून थकलेला, कण्हणारा बारूख आठवा. त्याच्यासाठी यिर्मयाच्या ग्रंथात एक स्वतंत्र लहानसा अध्याय आहे, ४५ वा. स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टींची अपेक्षा करू नकोस, असे परमेश्वर त्याला सांगतो आणि त्याचा जीव सुरक्षित राखण्याचे वचन देतो. लेखकाला मिळालेला याहून हितकर उपदेश मला ठाऊक नाही. मोठेपणाची अपेक्षा सोडली की पडण्याचे भयही अर्धे सुटते.

काय पणाला लागले आहे?

आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक एकदा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन आले. घरच्या विहिरीविषयी, तिच्यावरच्या रहाटाविषयी, केळीच्या बागेला पाणी देण्याच्या पाळीविषयी आणि सुकेळी करताना घरातील बायका काय करीत, काय बोलत, त्याविषयी चाळीसेक पाने त्यांनी लिहिली होती. वही अकरा वर्षे कपाटात होती. पुढचा भाग का लिहिला नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘पुढचं थोरल्या भावाला ठाऊक होतं, फादर. तो गेला.’ त्या एका वाक्यात आपल्या समाजाची केवढी तरी हानी सामावलेली आहे. आपल्या लग्नांतली गाणी, सणांच्या रीती, दुखवट्याच्या प्रार्थना, दूध नि भाजी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या पिढीचे कष्ट, आणि त्या कष्टांत तिने टिकवलेली रोझरी, हे सारे माणसांच्या स्मरणात आहे आणि माणसे एकेक करून जात आहेत. प्रत्येक अंत्यविधीला आपण एक न लिहिलेले पुस्तकही दफनभूमीत ठेवून परततो.

‘ख्रिस्तपुराणा’च्या बाबतीत एक सत्य सांगण्यासारखे आहे. त्या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला तो हस्तलिखितांच्या आधारे. कोणा कोणा भाविकांनी आपल्या हाताने तो उतरवून घेतला होता आणि पिढ्यान्‌पिढ्या राखला होता. त्यांतले बहुतेक हात आज निनावी आहेत. आपले अक्षर वळणदार आहे की नाही, लोक आपल्याला लेखक म्हणतील की नाही, याचा विचार त्यांनी केला असता, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचे हे पहिले वैभव आपल्याला केवळ नावाने ठाऊक राहिले असते.

म्हणून वाचकहो, आरंभ लहान करा. देवाविषयी मोठा प्रबंध लिहिण्याची घाई नको. जे डोळ्यांनी पाहिले, हातांनी केले आणि प्रार्थनेत सोसले तेवढेच एका पानावर उतरवा. घरच्या बोलीतला शब्द आला तर तो खोडू नका. तो शब्द त्या अनुभवाबरोबरच जन्मलेला असतो. लिहिलेले एखाद्या विश्वासू माणसाला वाचून दाखवा, त्याने चूक दाखवली तर रागावू नका. ज्यांना लिहिता येत नाही अशा आजी-आजोबांपाशी वही घेऊन बसा आणि त्यांचे बारूख व्हा. आणि लेखणी उचलण्यापूर्वी क्षणभर पवित्र आत्म्याचे स्मरण करा. भय तेवढ्याने नाहीसे होईलच असे नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी बंद दारे उघडून बाहेर पडलेल्या शिष्यांच्या भोवतीही जमाव होता आणि ते द्राक्षारस प्यालेले आहेत असे म्हणून हसणारी माणसे त्या जमावात होतीच. शिष्य बोलू लागले ते हसणारे गप्प झाले म्हणून नव्हे.

धनी परत येईल तेव्हा तो आपल्याला पाच तालांतांचा हिशेब मागणार नाही. ज्याला एक मिळाला त्याला तो एकाचाच हिशेब मागेल. तो तालांत आज कोठे आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरातील कपाट उघडून पाहावे.